जमिनीत घातलेला डोंगर

नाना, तुझ्या श्रद्धांजलीचा बॅनर लावायला त्यांनी ट्रॅकमध्येच खड्डे पाडले.

खोटं नाही सांगत. बांबू उभे करायला अख्खं मैदान मोकळं पडलेलं. पण फोटो रस्त्यावरून दिसला पाहिजे ना! म्हणून बरोबर दुसऱ्या वळणावर, जिथे उभा राहून तू 'खांदा पार, खांदा पार' ओरडायचास, वळताना आतला खांदा खाली पाडा म्हणून, तिथेच पहार घातली. बॅनरवर तू छोटा आहेस. साहेब मोठे आहेत, हात जोडून. हेच साहेब दर हिवाळ्यात आपलं मैदान कधी गालिच्यांच्या सेलला देतात, कधी खाद्यमहोत्सवाला, कधी कुणाच्या मुलीच्या लग्नाला. तुझ्या नावाच्या वर लिहिलंय 'क्रीडामहर्षी'. तू वाचलं असतंस तर विचारलं असतंस, "ह्यो कोन मेला?"

बाकीची माहिती त्या बॅनरवर आहे. जन्म, गाव, किती पोरं घडवली. त्यातलं काही मी इथे लिहिणार नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, मी त्याच्यासाठी बसलेय. तू गेलास म्हणून मी माघार घेईन असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस.

मी तुला 'तू' म्हणते याचा माझ्या आईला शेवटपर्यंत त्रास झाला. आम्ही साताऱ्याकडचे. आमच्यात बापाच्या वयाच्या माणसाला कुणी अरेतुरे करत नाही. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आलास तेव्हा मी 'नाना, तुम्ही बसा' म्हणाले, तर तू दाराकडे वळून बघितलंस, मागे आणखी कोण आलंय म्हणून. मग आईला म्हणालास, "आमचे गावान बापालाबी तू, देवालाबी तू. तुमी म्हनला का मना वाटतं, ही पोर माज्यावर केस टाकनार." आई हसली, पण तू गेल्यावर मला बोललीच. त्या दिवसापासून मी तुला 'तू' म्हणत आलेय आणि आत्ताही बदलणार नाही.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. मैदान प्रदर्शनाला देऊ नका म्हणून मी गेटवर पत्रकं वाटत होते. 'मैदान कुणाच्या बापाचं?' असा मथळा होता, माझाच. तू ते पत्रक हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, पूर्ण वाचलंस. डोंबिवलीत पत्रक पूर्ण वाचणारा माणूस मी तोपर्यंत बघितला नव्हता. म्हणालास, "मस्त लिवलंय. तू पलतंस का?"

"मी? नाही."

"मंग मैदान कोनासाठी मागतंस?"

तू माझ्या पायांकडे बघितलंस, चपला होत्या. "कार त्या, आनि पल," म्हणालास. मी रागाने काढल्या आणि रागानेच पळाले. एक राऊंड पुरा व्हायच्या आत कठड्याला धरून ओकले. तू पाणी दिलंस आणि तिथेच माझं नाव ठेवलंस, 'पत्रकवाली'. कधी माझं खरं नाव घेतलं नाहीस. तुला ते माहीत होतं का, हेही मला आता कळणार नाही.

ट्रॅक म्हणजे काय ते मला तुझ्यामुळे कळलं. मला वाटायचं, जमीन ती जमीन. पळायचं काय कुठेही. तू मला दर ऑक्टोबरला चिखलात उभं केलंस तेव्हा कळलं. पाऊस ओसरला, मैदान ओलं आहे पण पाणी साचलेलं नाही, असे ते दिवस. बाकीची मैदानं रोलरची वाट बघत बसतात. तू सगळ्यांना अनवाणी करायचास. दोन-दोन लेन अडवून, खांद्याला खांदा लावून, अख्खा राऊंड पायांनी तुडवायचा. टाच आधी, मग चवडा, भेग दिसली की तिथेच थांबून पुन्हा. तुझे आजोबा-पणजोबा मिठागरात तळ असाच तुडवायचे, म्हणजे पाणी मुरत नाही आणि मीठ मातीत न माखता वर येतं. तू तीच रीत मैदानावर आणलीस. "मीठ आनि पोर, दोघांनाबी तल घट्ट लागतो," हे तुझं वाक्य.

पहिल्या वर्षी मला ते अंगमेहनतीचं नाटक वाटलेलं. मग डिसेंबरात दुसऱ्या मैदानावर पळून बघितलं. सुटी लाल माती, वर धूळ. पाय टाकला की जमीन थोडी खाली जाते आणि आपण दिलेला जोर तिथेच गिळून टाकते. दर पावलाला जरासा. पहिल्या राऊंडला कळत नाही. लांब पळताना तो जरासा साठत जातो आणि शेवटी मांड्या दगड होतात. घट्ट जमीन तुमचा जोर तुम्हाला परत देते. महापालिकेच्या रोलरने जे कधी जमलं नाही ते तू पोरांच्या टाचांनी केलेलंस, आणि मला याचाही राग यायचा. म्हणजे आम्ही टॅक्स भरायचा आणि चिखलही आम्हीच तुडवायचा? तू म्हणायचास, "राग चांगला हाय. टाचेत घाल."

तर अस्मिता. आंबिवलीहून पहाटे येणारी, काटक, कमी बोलणारी. पाच हजार मीटर पळायची. तिच्यासाठी तू जीव टाकायचास हे सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणालाच त्याचा हेवा वाटत नव्हता, कारण ती पळताना बघणं हेच आमचं सकाळचं सुख होतं.

तुला तो डोंगरावरचा दिवस आठवतो? थंड हवेच्या गावातली खुली स्पर्धा. आपण आदल्या दिवशी टेम्पोतून गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पळाली. निम्म्यातच तिचा श्वास फाटला. खाडीकाठच्या हवेवर वाढलेली मुलगी, तिच्या छातीला ती विरळ हवा पुरेना. तिथलीच उंचावर वाढलेली पोरं निवांत पुढे गेली, कारण त्यांचं रक्त त्या हवेला लहानपणापासून सरावलेलं. शंभर मीटरवाला आपला रोहन मात्र खुशीत होता. तो म्हणाला, "नाना, इथे तर हवा आडवीच येत नाही." त्याला दम लागायच्या आत त्याची शर्यत संपते, त्याचं काय जातंय! तू अस्मिताला पाठीवर थोपटत म्हणालास, "हितली हवा पानी घातलेल्या ताकासारखी हाय. किती बी पी, पोट नाय भरत."

आणि मग तू थेट टेबलावर गेलास. अधिकारी यादी करत बसलेले, पुढच्या निवडीसाठी नावं घेत होते. तू टेबलावर हात आपटलास. "समिंदराकरची पोर डोंगरावर पलवताव, आनि तिचा टाईम डोंगरवाल्यांचे टाईमशी लावताव? ह्यो हिशोब कोन करनार?" ते म्हणाले, "काका, घड्याळ सगळ्यांना सारखं असतं." तू म्हणालास, "घर्‍याल सारखा हाय. हवा सारखी नाय." मी मागे उभी होते. इतकी पत्रकं लिहिली, पण इतकं स्वच्छ वाक्य मला कधी लिहिता आलं नाही. परतीच्या टेम्पोत मी ते पाठ केलं.

म्हणूनच पुढचं मला झेपलं नाही.

कोलशेतच्या त्या शाळेत आपण गेलो, सिंथेटिक ट्रॅकवर. तुझ्या ओळखीच्या कुणीतरी एका सकाळपुरती परवानगी काढलेली. गेटवरच्या वॉचमनला कुणी सांगितलंच नव्हतं. "किधर जाना है चाचा?"

"माजे भयनीचे शेतान."

"क्या?"

"अरे, हे जिथं तुजा क्याबिन हाय ना, तिथं माजे भयनीचे म्हशी बसायच्या."

वॉचमन हसला आणि सोडलं त्याने. आत निळा-लाल ट्रॅक. पोरं आधी त्याला हातच लावून बघत होती. अस्मिता पळाली आणि तिचा टाईम इतका खाली आला की रोहनने घड्याळ झटकून बघितलं. ती खाली बसून रडली. आपण सगळे म्हणालो, रबराची कमाल! डोंगरावर हवेने खाल्लं, इथे रबराने दिलं. प्रत्येक फरकाला आपल्याकडे एक कारण तयार होतं, त्यामुळे आणखी एक कारण शोधायची गरज कुणाला पडलीच नाही. एका माणसाला सोडून. तू त्या दिवशी घड्याळ बघायलाही आला नाहीस, हे मला नंतर आठवलं.

मग क्रीडा वसतिगृहाने टाईम मागवले. अट साधी होती, आपल्या रोजच्या मैदानावरचा टाईम पाठवा, त्यावरून चाचणीला बोलावू. अस्मिताने डोंबिवलीचा टाईम प्रामाणिकपणे पाठवला. तिला बोलावलं नाही. आंबिवलीच्या एका खोलीत पाच माणसांत राहणाऱ्या मुलीला वसतिगृह म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. जेवण, डॉक्टर, बूट आणि लग्नाच्या बोलण्यापासून काही वर्षांची सुटका.

मी पेटले. पत्रक काढलं, 'मातीने खाल्ली पोरीची संधी, सिंथेटिक ट्रॅक द्या!' पालिकेच्या ऑफिसात एका इंजिनीअरने ते वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "मॅडम, रबराने फरक पडतो, पण इतका नाही पडत. तुमचा राऊंड कधी मोजलात का?"

मला वाटलं टोलवतोय. तरी मोजायचं चाक मागून आणलं आणि दुपारी, मैदान रिकामं असताना, तू फक्कीच्या पांढऱ्या भुकटीने मारलेल्या रेघेवरून फिरवलं. दोनदा. राऊंड चारशे मीटरपेक्षा मोठा होता, नाना. पाच हजारात आमची पोरं अर्धा राऊंड फुकट पळत होती. वर्षानुवर्षं. सकाळी चालायला येणाऱ्या काकांची महागडी घड्याळं नेहमी जास्त अंतर दाखवायची आणि आपण हसायचो, काका नागमोडी चालतात म्हणून. काका सरळच चालत होते.

दुसऱ्या दिवशी तू कठड्यावर बसून भिजवलेले चणे खात होतास.

"नाना, राऊंड मोठा आहे."

"हाय."

"हाय म्हणजे? तुला माहीत होतं?"

"फक्की कोन मारतो? तू का मी?"

इतक्या शांतपणे म्हणालास की मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. मग तू सांगितलंस. मंडपवाले खड्डे ठेवून जायचे, पोरांचे पाय मुरगळायचे, म्हणून खड्डा आला की तू रेघ त्याच्या बाहेरून न्यायचास. पुढच्या वर्षी नवा खड्डा, रेघ आणखी बाहेर. आत परत आली नाही कधी. "पयल्यांदा खड्ड्यांमुले जाला. मंग बघितला, आपली पोरां भायेर पलायला गेली का फुगतात. घरचे परीस बरा टाईम येतो, छाती वर येते. मंग मी नाय सुधारला."

"आणि अस्मिता?"

तू चणे बाजूला ठेवलेस. "डोंगरावरची पोरां खाली येवून पलतात तवा त्यांना पंख असतात. आपल्याला डोंगर नाय गो. खारीचे पोरांना मी डोंगर कुठशी आनू? म्हनून जरासा जमिनीत घातला."

किती सुंदर वाक्य होतं ते! म्हणूनच जास्त संताप आला. मी म्हणाले, "टेबलावर हात आपटून डोंगराचा हिशोब मागणारा तूच ना? मग स्वतःच्या फक्कीचा हिशोब कोण देणार?"

तू वर आभाळाकडे बघितलंस. ढग भरून आलेले. "पानी उतरला का बोलू," म्हणालास. "आदी पल."

मग पावसाने मैदानाचं तळं केलं, सराव बंद पडला, आणि पाणी उतरायच्या आधी तू गेलास.

तुझ्या शोकसभेत सगळे गोड बोलले. मीही बोलले असते, पण शेवटी ठराव आला. नानांची रेघ आहे तशीच ठेवायची, स्मृती म्हणून. बाजूने छोट्या विटा लावायच्या, उद्घाटन साहेबांच्या हस्ते. टाळ्या झाल्या. मी उठले आणि म्हणाले, "रेघ चुकीची आहे." कुणीतरी मागून म्हणालं, "माणूस जाऊन दहावं झालं नाही, आणि ही बघा." रोहनने माझा हात ओढला, "बस ना यार, आज तरी." मी बसले नाही. सांगून टाकलं सगळं. खड्डे, फक्की, अर्धा राऊंड, अस्मिता. दिवाळीनंतर वसतिगृह पुन्हा टाईम मागवणार आहे, आणि तोवर रेघ खरी झाली नाही तर तिचा टाईम पुन्हा खोटा जाईल, हेही सांगितलं. तुझा मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मला नजर देता आली नाही. साहेब म्हणाले, "भावनेचा विषय आहे, नंतर बघू." नंतर म्हणजे काय ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे.

एक गोष्ट मी त्या सभेत बोलले नाही, कारण तेव्हा सुचलीच नव्हती. घरी येताना जिन्यात सुचली. कठड्यावर तुला द्यायचं उत्तर होतं ते. नाना, डोंगर दिसतो. माणूस पायथ्याशी उभा राहतो, मान वर करतो आणि ठरवतो, चढायचा की नाही. दम लागला तर त्याला माहीत असतं की का लागला. तुझा डोंगर दिसत नव्हता. त्याच्यावर दमलेल्या पोरांना वाटलं, आपणच कमी आहोत. जी बाहेर पळायला गेली त्यांना पंख मिळाले असतील. पण जी कधी बाहेर गेलीच नाहीत, आपला टाईम बघून घरी बसली, त्यांना तू कधी मोजलंस? मला त्यांची नावंही माहीत नाहीत. तुला असतील.

हे तुला ऐकवायचं होतं. तू काय म्हणाला असतास? माझ्या मनात मी दहा उत्तरं देऊन बघितली तुझ्या वतीने, तुझ्या बोलीत. एकही तुझं वाटलं नाही. तू नेहमी माझ्या अपेक्षेच्या एक लेन बाहेरून यायचास.

मागच्या आठवड्यात जमीन तुडवण्याजोगी झाली. कुणी निरोप काढला नाही, तरी सगळे आले. चपला कठड्याशी, पँटी वर. तुझा मुलगाही आला. त्याने बॅनरचे बांबू उपसले, खड्ड्यांत माती भरली आणि त्या ठिकाणी स्वतः कितीतरी वेळ टाच मारत राहिला. माझ्या शेजारी अस्मिता होती. राऊंड मोठा आहे हे मी तिला ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवसापासून ती मैदानावर आली नव्हती. घराजवळच्या रस्त्यावर एकटीच पळायची.

खांद्याला खांदा लावून तुडवत होतो तेव्हा ती म्हणाली, "नाना आलेले आमच्याकडे."

"कधी?"

"पावसात. छत्री पण नव्हती धड. आईला म्हणाले, पोरीत खोट नाय, माजे फक्कीत खोट हाय. आईने चहा दिला, तो प्यायले. जाताना मला म्हणाले, पानी उतरला का रेघ तूच मार."

मी तिथेच थांबले. मागचा रोहन धडकला, "अगं चल ना, ट्रॅफिक जाम करतेस."

मला नाही सांगितलंस, नाना. मला 'पाणी उतरल्यावर बोलू' म्हणालास आणि भिजत आंबिवलीला गेलास. पहिल्यांदा राग आला, सवयीने. मग कळलं, बरोबरच केलंस. माझं काय गेलं होतं? ज्याचं गेलं होतं त्याच्या दारात तू गेलास. मी भांडणारी होते, ती नुकसान झालेली होती. इतकी वर्षं पत्रकं काढून हा फरक मला तू गेल्यावर समजला. त्याबद्दल आभार, आणि त्याचाही थोडा राग.

जमीन वाळल्यावर रेघ मारली. चाक मी फिरवलं, दोरी रोहनने धरली, फक्की अस्मिताने टाकली. तिची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पहिल्या वळणावर रेघ जरा दातेरी आली आहे. तुझी जुनी रेघ पुसायची की नाही यावर मी वाद घालायच्या तयारीने आले होते. पुसायचीच, असं माझं म्हणणं. पण फक्की उरली होती. अस्मिता न विचारता बाहेर गेली आणि तुझ्या पुसट रेघेवरून पुन्हा एकदा पांढरं टाकत आली. मी म्हणाले, "अगं, हे काय?"

"असू दे. पोरांना सांगू कोणती कोणती आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतल्या रेघेने पळाली. वसतिगृहाला पाठवायचा टाईम आम्ही घेतला. तो मी इथे लिहिणार नाही, लोक लगेच चर्चा करतील. तुला मात्र आवडला असता. पाणी प्यायली, बुटाची नाडी बांधली, आणि पुन्हा निघाली. या वेळी बाहेरच्या रेघेने.

मी ओरडले, "ए! ती नानाची आहे!"

ती वळली नाही. हात वर करून ओरडली, "माहितीये!"

दुसऱ्या वळणावर तिने खांदा पाडला.